टेबलाखाली सगळं ऐकू येतं

मित्रांनो, मी एक जुनं, घडीचं टेबल आहे. माझ्या मधोमध बिजागऱ्या आहेत, पाय आत दुमडतात आणि मिटवलं की मी कपाटामागे मावतो. पण मी जन्मापासून जेवणाचं टेबल नव्हतो. एका सुताराने मला भिंतींना रंगीत कागद चिकटवणाऱ्या कारागिरासाठी बनवलं. लांबलचक कागद माझ्यावर पसरायचा, त्याला खळ लावायची आणि मग तो भिंतीवर चढवायचा, हे त्याचं काम. तो मला खांद्यावर टाकून घरोघर न्यायचा आणि दिवस संपला की ओल्या फडक्याने पुसायचा. "हे माझं अर्धं दुकान आहे," असं तो लोकांना सांगायचा. इतकं कौतुक माझं पुढे कुणी केलं नाही.

मग लोक भिंतींना नुसता रंग देऊ लागले, कारागिराचे गुडघेही गेले आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात भिंतीला टेकून उभा राहिलो. तिथून मला परदेशातून नव्याने आलेल्या एका जोडप्याने उचललं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, बायको दातांच्या कवळ्या बनवणारी. कडेवर दोन वर्षांची मुलगी. बाईने माझ्यावरचे खळीचे डाग पाहून नाक मुरडलं आणि म्हणाली, "सध्या चालेल. नाहीतरी आपण दोन वर्षांत परत जाणार." त्या 'सध्या'त आठ वर्षं गेली. माझ्यापेक्षा बरं टेबल त्यांनी कधी घेतलं नाही, की मला धड पॉलिशही केलं नाही. डाग झाकायला एक मोठी चादर आणली आणि ती जमिनीपर्यंत लोंबत सोडली.

त्या चादरीमुळे माझ्याखाली एक खोलीच तयार झाली. मुलीने ती लगेच बळकावली. ही मुलगी एका जागी ठरत नसे, म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. माझ्याखाली मात्र ती तासन्‌तास बसायची. वर तिचे बाबा वर्तमानपत्र पसरून लिफ्टचे सुटे भाग पुसायचे. आई मेणाचा दात कोरत बसायची आणि दर दोन मिनिटांनी तो उजेडात धरून बघायची. आणि दर रविवारी पाण्याच्या तांब्याला फोन टेकवला जायचा. फोनमध्ये दिसायचे आईचे वडील, भिंगरीचे आजोबा. ते चित्रकलेचे शिक्षक होते. बोलता बोलता भिंगरी सांगेल तो प्राणी कागदावर काढायचे. एकदा तिने "रागावलेला गेंडा" सांगितला, तर आजोबांनी हुबेहूब तिच्या बाबांसारखा गेंडा काढला. बाबा दोन दिवस फुगून बसले होते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. एका संध्याकाळी भिंगरी शेजारी खेळायला गेली होती. ती लवकर परतली, स्वयंपाकघराच्या दाराने पाय न वाजवता आत आली आणि माझ्याखाली शिरली. आईबाबांना दचकवायचा तिचा बेत होता. ती ओरडणार, तेवढ्यात आईने खुर्ची ओढली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझ्या बाबांचा हात भाजलाय. गॅसवर पातेलं ठेवून विसरले आणि मग तसंच हाताने उचललं. मला शेजाऱ्यांनी कळवलं. ते स्वतः म्हणतात, काही नाही झालं."

"कुठला हात?" बाबांनी विचारलं.

"उजवा."

मग आई म्हणाली, "अरे, मला परत जायचंय. सुट्टीला नाही, कायमचं. पण विषय काढला की ते म्हणतात, माझ्यासाठी येऊ नका. मग वाटतं, पोरीची शाळा, तिच्या मैत्रिणी, सगळं मोडून न्यायचं तिला?"

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," बाबा म्हणाले. "पण जाऊ या. भिंगरीला मात्र आताच नको सांगायला. परीक्षा होऊ दे."

माझ्याखाली भिंगरीने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. मित्रांनो, भिंतीलाही कान असतात हे मोठ्या माणसांना पाठ असतं. आपल्या गुडघ्यांपाशी कोण बसलंय हे मात्र त्यांना कळत नाही.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. वर दोघं कुजबुजत आणि खाली तिसरी श्वास रोखून ऐके, असं बऱ्याचदा घडलं. मला एकट्यालाच दोन्ही बाजू ठाऊक होत्या, आणि मला तोंड नाही. जेवताना भिंगरी अगदी साध्या आवाजात प्रश्न टाकू लागली. "आई, पुढच्या वर्षी मी पोहण्याच्या वर्गाला जाऊ?" आई म्हणाली, "बघू." आणखी काही दिवसांनी तिने विचारलं, "बाबा, मैत्रीण म्हणते पुढच्या वर्षी एकाच बाकावर बसू. सांगू का तिला हो?" बाबा म्हणाले, "सांग की." भिंगरीने मान खाली घातली. प्रत्येक प्रश्नाला ती खरं उत्तर मिळायची वाट बघत होती, आणि दर वेळी तिच्या टाचा माझ्या पायावर जास्त जोरात आपटत होत्या. मला वाटे, आता हिला रडू फुटेल. पण ती मुकाट्याने ताटली उचलून आत जाई.

रविवार तर नको व्हायचा. आजोबा फोनवर फक्त खांद्यापर्यंत दिसायचे. "आज प्राणी नाही काढत बरं का. पेन्सिल कुठे गेली, सापडत नाही." भिंगरी म्हणायची, "सापडली की काढा." आई खिडकीकडे बघत बसायची. तिघंही एकमेकांना जपत होती आणि घरात धड श्वास घेता येईना.

मग बाबांनी सामान विकायला काढलं. सुरुवात माझ्यापासून केली. "हे डागाळलेलं टेबल गेलं तर पोरीच्या लक्षातही येणार नाही," असं ते आईला म्हणाले. आठ वर्षं अन्न वाहिल्याचं हे फळ. एक नर्सबाई मला बघायला येणार होत्या, भिंगरी शाळेत असताना. पण त्यांची पाळी बदलली आणि त्या संध्याकाळी आल्या. दार भिंगरीने उघडलं.

"टेबल विकायचंय ना? तुम्ही लोक देश सोडून चाललात म्हणे," नर्सबाई म्हणाल्या.

आईच्या हातातला मेणाचा दात खाली पडला. बाबा नुसतेच उठून उभे राहिले.

"हो, या ना," भिंगरी म्हणाली. तिने चादर ओढून काढली. सगळे डाग उघडे पडले. "ही बिजागरी अडकते, थोडं तेल घालावं लागतं. हा पाय जरा सैल आहे, तो मी केला. खाली एक माणूस आरामात बसू शकतो. आम्ही माझी परीक्षा झाली की जाणार."

नर्सबाई शहाण्या होत्या. त्यांनी एकदा भिंगरीकडे आणि एकदा तिच्या आईबाबांकडे पाहिलं आणि "मी नंतर फोन करून येते" म्हणत काढता पाय घेतला.

"तुला कधीपासून माहीत आहे?" आईने विचारलं.

"पहिल्यापासून. मी खाली होते." भिंगरीने हातातल्या चादरीचा बोळा केला. "मी विचारत होते ना सारखी. पोहण्याचं विचारलं, बाकाचं विचारलं. मी तिला हो सांगून आले, बाबा."

बाबांनी कपाळाला हात लावला. आई घाईघाईने म्हणाली, "ऐक, तुला नको असेल तर नाही जायचं. आत्ताच ठरवू. नाही म्हणजे नाही."

"असं काय करतेस?" भिंगरी रडायलाच लागली. "मग आजोबांकडे कोण बघेल? त्यांचा हात भाजलाय हे मला माहीत होतं आणि मला त्यांना कसा आहे हेसुद्धा विचारता आलं नाही. मला माहीतच नाही असं तुम्हाला वाटत होतं ना. ते पेन्सिल हरवली म्हणायचे आणि मी बरं म्हणायचे."

आईने तिला जवळ ओढलं. तिलाही रडू आवरेना. बाबा माझ्या कडेवर बोट फिरवत बसले, जणू माझ्यातच काही बिघाड होता. मला त्यांचा राग आला होता, पण तेव्हा त्यांची दयाही आली. मग बाबांनीच पाण्याचा तांब्या पुढे ओढला, फोन त्याला टेकवला आणि आजोबांना लावला.

"आज रविवार आहे का?" आजोबा गोंधळले.

"नाही," भिंगरी नाक पुसत म्हणाली. "आजोबा, हात कसा आहे?"

आजोबांनी आईला शोधलं, ती दिसली नाही. पुन्हा भिंगरीकडे पाहिलं. "कुणी सांगितलं तुला?"

"मला माहीत आहे. खूप दुखतो?"

आजोबांनी सावकाश उजवा हात वर उचलून फोनसमोर धरला. पांढऱ्या पट्टीतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती, आणि ती वळत नव्हती. "दुखतो गं," ते म्हणाले. "सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत. सकाळी शेजारच्याला हाक मारावी लागते, त्याची फार लाज वाटते."

"मग आईला येऊ नका का म्हणता?"

"तर काय म्हणू? तिचं चांगलं चाललंय तिकडे." त्यांनी हात खाली घेतला. "पण याल तर बरं होईल. मी वाट बघतोय."

आई तोपर्यंत बाजूला उभी होती. ती पुढे आली, भिंगरीच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "येतोय, बाबा." त्या घरात हे वाक्य पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं.

ते गेले. मैत्रिणीला भिंगरीने स्वतः जाऊन खरं काय ते सांगितलं. दोघी खूप रडल्या असं ऐकलं. मी नर्सबाईंकडे आलो. बिजागरी अजून अडकते. तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं 'सध्या चालेल' म्हणून आणलेलं सामान असेल, तर कधीतरी त्याला तेल घाला, कोरड्या फडक्याने पुसा. त्याच्यावर तुमचे खरेखुरे दिवस जात असतात.

आणि दुसरी विनंती. घरातली मोठी माणसं अचानक हळू बोलू लागली, तर टेबलाखाली बसून राहू नका. तिथे सगळं ऐकू येतं, पण तिथून काही विचारता येत नाही. बाहेर या, एक खुर्ची ओढा, त्यांच्यात बसा आणि विचारा, "काय झालंय?" ती घाबरलेली असतात. कुणीतरी विचारावं याची तीही वाट बघत असतात.