उंबरठ्याबाहेर थांबायची प्रथा

माझा प्रबंध जुन्या मठांतल्या शिक्षणावर आहे. गेल्या वर्षी विद्यापीठात मी आमच्या तंजावुरातल्याच एका मठाच्या प्रथेवर भाषण केलं. मूल शिकायला आलं की आईबापांनी उंबरठ्याबाहेर थांबायचं, मुलानं एकट्यानं आत जायचं. 'मायेकडून विद्येकडे टाकलेलं पहिलं पाऊल' असं काहीतरी मी म्हणाले, आणि टाळ्याही पडल्या. टाळ्या चालू असतानाच मी सासूबाईंना फोन करून माझ्या लेकाचं, विश्वेशचं अंग गरम लागतंय का ते विचारलं.

आज त्याच मठाच्या शाळेत विश्वेशची एलकेजीची मुलाखत होती. घरी तो मांजराशी बोलतो, पंख्याशी बोलतो, सांबारातल्या शेंगेशीसुद्धा बोलतो. परकं माणूस दिसलं की मात्र तोंडाला कुलूप. म्हणून मी बेत केला होता की आपण शेजारी बसायचं आणि तो अडला की हळूच सुचवायचं. आठवडाभर रंग आणि प्राणी घोटून घेतले होते. मला आता सगळे येतात.

दारात शाळेचे सेक्रेटरी कृष्णाजीमामा उभे होते. त्यांनी हात आडवा धरला.

"तू इथंच राहा, अम्मा. पोराला एकट्याला धाडायचं."

"हे कधीपासून, मामा?"

"तुझं भाषण ऐकलं तेव्हापासून. पुढच्याच रांगेत होतो की मी. कमिटीत मांडलं, सगळ्यांस पटलं."

"अहो, ते मध्ययुगातलं होतं."

"चांगलं ते चांगलंच. तूच म्हणालीस."

मग मी म्हणाले की त्या प्रथेला पुरावा तसा कच्चाच आहे, घाईनं निष्कर्ष काढायला नको होता. माझ्या गाइडना इतक्या वर्षांत माझ्याकडून जे वदवून घेता आलं नाही, ते मी तिथं उभ्याउभ्या कबूल केलं.

"बरं," मामा म्हणाले, "पुरावा मिळेपर्यंत बाहेर उभी राहा."

भुवनेश्वरी मिस विश्वेशचा हात धरून त्याला आत घेऊन गेल्या. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. मी खिडकीशी गेले. मिसनी हत्तीचं चित्र धरलं होतं आणि हा गप्प. मी नाकाला दंड लावून सोंड हलवली, आवाज न काढता तमिळमधलं हत्तीचं नाव, 'यानै, यानै' म्हटलं. मिसनी शांतपणे उठून खिडकी लावली. मठांच्या भिंतींना खिडक्या कमी का असत, यावर प्रबंधात एक तळटीप टाकायला हवी.

मी परत दारात आले. थोड्या वेळानं दोघं बाहेर आली. मिसना हसू आवरत नव्हतं.

"काही बोलला का हो?"

"रंग नाही, हत्ती नाही. शेवटी विचारलं, घरी अम्मा काय करते? म्हणाला, दारात उभी राहते."

मामा मोठ्यानं हसले. मी कॉलेजात शिकवते, पीएचडी करते, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं पाहिलेलं तो बोलला होता.

"घेतलं त्याला," मिस म्हणाल्या. "सोमवारी पाठवा."

"पहिला दिवस आहे, मी जरा वेळ आत..."

सगळे खाली पाहत होते, म्हणून मीही पाहिलं. माझा एक पाय उंबरठ्याच्या आत होता. विश्वेश वाकला, दोन्ही हातांनी तो उचलला आणि बाहेर ठेवला.