वड्यांची डबी

हेमाताईंनी उशीच्या अभ्र्यातून पुरचुंडी काढली आणि गोळ्या स्टीलच्या डबीत ओतल्या. खणकन आवाज झाला. त्या दचकल्या, मग स्वतःवरच चिडल्या. घरात ऐकायला होतं कोण? सलिल ऑफिसला गेला होता, आणि जाताना रोजच्यासारखं जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घालून.

कारणाशिवाय सलिल काही करत नसे. मागे एकदा त्यांच्या हातून गॅस चालू राहिला, तेव्हा आधी स्वयंपाकघराला कुलूप आलं. मग बाहेरच्या दाराला. मोबाइल दुरुस्तीला म्हणून गेला तो आलाच नाही. शेवटी गोळी आली, सकाळी नाश्त्यानंतर आणि संध्याकाळी तो घरी आल्यावर. पुण्याहून लेकीचा, नीरजाचा फोन आला की सलिल हळू आवाजात सांगे, “आई झोपलीय गं.” खोटं तरी कुठे होतं ते! आईला इतकं जपणारा मुलगा अख्ख्या ठाकुर्लीत सापडायचा नाही, असं सोसायटीतल्या बायका म्हणत.

वाईट हे की आता ती गोळी त्यांना हवीशी वाटे. नसली की हात थरथरत, घाम फुटे. सकाळची गोळी जिभेखाली धरायची, सलिल गेला की काढून ठेवायची, हे फार जड जाई. दोनदा तर ठेवलेली गोळी त्यांनी पुन्हा काढून गिळली होती. आत्ताही डबीत बघताना जीव तिकडे ओढ घेत होता. त्यांना स्वतःची लाज वाटली. झाकण त्यांनी दाबून लावलं.

डबी समोरच्या घरात राहणाऱ्या कादंबरीची होती. परवा तिनं जाळीतून आडवी सरकवून खोबऱ्याच्या वड्या दिल्या होत्या. पूर्वी टेंभी नाक्याला राहत असताना हेमाताईंनी कुणाचं भांडं कधी रिकामं परत केलं नव्हतं. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायच्या. आता साखरही कुलपात होती.

संध्याकाळी लिफ्टचं दार वाजलं. भाजीची पिशवी सावरत कादंबरी बाहेर आली.

“काकू! जाग्या आहात? अहो, किती वेळा बेल मारली मी, तुमचा पत्ताच नसतो.”

“ही घे गं तुझी डबी.”

“एवढी काय घाई होती?”

हेमाताईंनी मनात जुळवून ठेवलेलं सगळं ऐन वेळी विस्कटलं. डबी जाळीत अडकली, मग सुटली. आत काहीतरी खुळखुळलं.

“काय घातलंत यात?” कादंबरीनं हसत विचारलं.

“रिकामी कशी देऊ?”

कादंबरीनं झाकण उघडलं. पांढऱ्या गोळ्या, काही अर्धवट विरघळून एकमेकींना चिकटलेल्या. तिचं हसू मावळलं. तिनं गोळ्यांकडे पाहिलं, मग कुलपाकडे.

“रोज देतो,” हेमाताई म्हणाल्या. “मी झोपून राहावं म्हणून.”

तेवढ्यात लिफ्ट पुन्हा थांबली. कादंबरीनं झाकण लावलं.

“अरे वा, गप्पा चालल्यात!” सलिलनं खिशातून किल्ली काढली. “आई, आज जागी कशी तू? आणि त्यांना काय दिलंस?”

हेमाताईंनी कादंबरीकडे पाहिलं.

“साखर,” कादंबरी म्हणाली. “रिकामी डबी नाही देत ना काकू.”

किल्ली कुलपात होती, ती क्षणभर फिरली नाही.

“साखर,” सलिल म्हणाला. “हो का. छान.”

कुलूप निघालं. तो आत आला, जाळीचं दार त्यानं मागे ओढलं, आतलं लाकडी दार लावायचं मात्र राहून गेलं. आज त्यानं बूटही काढले नाहीत. पाण्याचा ग्लास आणि गोळी घेऊन तो समोर उभा राहिला.

“तोंड उघड. आणि जीभ वर कर.”

गोळी त्याच्या तळहातावर होती. हेमाताईंना ती हवी होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“आई, ऐकतेस ना?”

त्या ऐकत होत्या. समोरच्या घराचं दार लागल्याचा आवाज अजून आला नव्हता.