दुसऱ्या कॅमेऱ्यातली चाल

विरुपाक्षअप्पांच्या पेंडीच्या दुकानातला संगणक विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतो, हे पाटोद्यात फार कुणाला माहीत नसेल, आणि माहीत असायचं कारणही नाही. गिऱ्हाइकाला सरकीचं पोतं वजनात बरोबर मिळालं की त्याचं काम झालं. जुना संगणक सारखा अडकतो म्हणून त्यावर लिनक्स टाकलं ते अप्पांच्या मुलानं, बसवेश्वरनं. तो लातूरला शिकून आला होता. दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या टेबलाशी तो बसायचा, आणि तिथूनच एका दुपारी उठून बाहेर गेला तो परत आला नाही. कुठं सापडलाही नाही.

मी कामाला लागलो ते त्यानंतरच्या वर्षी. आमचं घर शिरूर कासारकडचं, मेंढरांचं. आठवीत शाळा सुटली आणि मी कळपामागं गेलो, उन्हाळे गोदाकाठी काढले, आणि चारायला बसल्या बसल्या मोबाइलवर व्हिडिओ बघून संगणकाचं जेवढं समजलं तेवढं शिकलो. माणसांशी बोलताना मला शब्द सापडत नाहीत, पण यंत्राला घाई नसते. कळपामागं आणखी एक गोष्ट अंगात येते, ती कुणी शिकवत नाही. धुळीतून लांबवर येणारा माणूस आपला की परका, हे चेहरा दिसण्याच्या फार आधी त्याच्या चालीवरून कळतं. कोण टाचेवर जोर देतो, कोण खांदा पाडून चालतो, हे एकदा पाहिलं की मी विसरत नाही. दुकानातली गिऱ्हाइकंही मी अशीच लक्षात ठेवतो.

दुकानाच्या दारात उभं राहिलं की रस्ता दोन्ही बाजूंना जातो. उजवीकडे बसस्थानक, डावीकडे उतारानं तलाव. बसवेश्वर कोणत्या बाजूला वळला हे कुणी पाहिलं नव्हतं. तलावात तेव्हा गळ टाकून पाहिले होते, पण त्या वर्षी पाणी भरपूर होतं आणि गाळ खोल. अप्पांच्या मंडळी, दानम्माकाकू, यांचं सगळं आयुष्य त्या उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं. उजवीकडे गेला असेल तर वाट पाहायची, डावीकडे गेला असेल तर रडून घ्यायचं. त्या दोन्हीतलं काहीच त्यांना करता येत नव्हतं.

दुकानात दोन कॅमेरे होते, एक टेबलावर रोखलेला, दुसरा आतून दाराकडे. वीज कोसळून चित्रणाच्या पेटीची पडदा जोडायची जागा जळाली होती, त्यामुळे चित्रण बघायचं तर संगणकाच्या ब्राउझरमधूनच, आणि ब्राउझर म्हणत होता की त्यासाठी लागणारा प्लगइन, म्हणजे चित्र दाखवणारा जोडप्रोग्राम, जुना झाला आहे, म्हणून तो बंद ठेवला आहे. नव्या चित्रणामुळे जुनं पुसलं जाऊ नये म्हणून अप्पांनी तेव्हाच पेटीची वायर काढून ठेवली होती. त्या दिवसाचं चित्रण आत होतं. बघितलं मात्र कुणीच नव्हतं.

एका दुपारी काकू मागच्या घरातून चहा घेऊन आल्या आणि ग्लास ठेवून तिथंच उभ्या राहिल्या.

"अंगद, तुला ह्यातलं कळतं म्हनं."

"थोडंफार, काकू."

"मंग एकदा बघ की. कोणत्या अंगाला वळला एवढंच बघायचंय मला. दुसरं काय न्हाई."

पोत्यांच्या थप्पीवर बसलेला हनुमान हमाल हसला. "काय बे, मेंढरं सोडून आता माऊस हाकणार का?"

अप्पा काट्यापाशी होते. कपाळावरची विभूती घामानं ओली झाली होती. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कर. पण मला दावू नको."

लिनक्समध्ये नवा प्रोग्राम कुठून आणायचा त्या जागांचे पत्ते एका फाइलमध्ये लिहिलेले असतात. त्या जागांना रिपॉझिटरी म्हणतात. मला ते पाणवठ्यासारखं वाटतं. कळप सवयीनं एका पाणवठ्यावर जातो, तो आटलेला असला तरी तिथंच तोंड खाली घालून उभा राहतो. हा संगणकही तसाच उभा होता. अद्ययावत करायला सांगितलं की प्रत्येक पत्त्यापुढे ‘सापडलं नाही’ असं म्हणायचा. लिनक्सची ती आवृत्ती जुनी झाली होती आणि तिचं सामान जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या भांडारात हलवलं होतं. पत्ता तेवढा बदलायचा होता.

फाइल उघडली तर ते काम कुणीतरी सुरू केलेलं होतं. जुने पत्ते पुढे खूण करून बंद केलेले, आणि खाली नव्या भांडाराचा पत्ता निम्म्यापर्यंत लिहिलेला. म्हणजे बसवेश्वर उठला तेव्हा हेच करत होता. खुणेनंतर त्यानं दोन जागा मोकळ्या सोडल्या होत्या. मीही दोनच सोडतो. बरेचजण एक सोडतात किंवा सोडतच नाहीत. मी उरलेला पत्ता लिहिला. कुठून जोडला ते नंतर माझं मलाही ओळखू येईना.

मग संगणकानं पासवर्ड मागितला. तो कुणालाच माहीत नव्हता. काकूंना विचारावं म्हणून मी मान वळवली, आणि वळवता वळवता बोटांनी काहीतरी दाबलं. लिनक्समध्ये पासवर्ड लिहिताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही, त्यामुळे मी काय दाबलं ते मला दिसलं नाही. पण संगणकानं ते घेतलं आणि याद्या उतरवायला सुरुवात केली. वापरून वापरून काही बटणं गुळगुळीत होतात, बोट आपोआप तिकडे जात असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पुढं आणखी एकदा पासवर्ड लागला, तेव्हा मी तो आठवायचा प्रयत्न केला तर तीनदा चुकला. मग दाराबाहेरून जाणाऱ्या बैलगाडीकडे बघत लिहिला, तर बरोबर आला.

प्लगइन नवा झाला. पेटीची वायर जोडली. काकूंनी स्टूल ओढून घेतलं आणि पदर तोंडाशी धरून बसल्या.

चित्र करडं होतं, पण चेहरा कळत होता. पहिल्या कॅमेऱ्यात बसवेश्वर टेबलाशी बसलेला, पांढरा शर्ट, पडद्याकडे वाकलेला. मी पहिल्यांदाच त्याला हलताना बघत होतो. त्यानं मान वळवली, जसं मागून कुणी बोललं असावं, मग हात टेबलावर टेकून उठला आणि पाय पूर्ण खाली ठेवत, जड माणसासारखा, चित्राबाहेर गेला. टेबल आणि दार यांच्यामध्ये पोत्यांची थप्पी असते. तेवढी दोन-तीन पावलांची जागा कोणत्याच कॅमेऱ्यात येत नाही. त्या थप्पीमागून दुसऱ्या कॅमेऱ्यात पांढऱ्या शर्टाची पाठ आली, दारापर्यंत गेली, उंबरा ओलांडून उजवीकडे वळली.

"उजवीकडं," काकू म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "उजवीकडंच गेला रं." आणि त्या इतक्या हळू रडल्या की हनुमाननंही तोंड दुसरीकडे केलं.

 बोलायला हवं होतं ते असं, की टेबलावरून उठला तो माणूस आणि दारातून गेला तो माणूस एक नाहीत. उठला तो पाऊल सपाट ठेवणारा होता. गेला त्याची चाल कळपामागच्या माणसाची होती. मानेमागं आडवी काठी आहे असे खांदे, आणि डावा पाय किंचित बाहेर फेकून टाकायची सवय. ती चाल मी ओळखत होतो. फार जवळच्या कुणाची तरी होती. पण कुणाची ते काही केल्या आठवेना, आणि मला चाल आठवत नाही असं कधी होत नाही.

एखादा मेंढपाळ पेंड घ्यायला आला असेल, म्हणून मी दुसऱ्या दिवशी काकू नसताना मागचं सगळं चित्रण पाहिलं. दुकान उघडल्यापासून तसा कुणी आत आलाच नव्हता. आणि पुढचंही पाहिलं, अप्पांनी वायर काढेपर्यंतचं. बसवेश्वर बाहेर गेलेला कुठंच दिसत नव्हता. खुर्ची रिकामी, थप्पी जागच्या जागी.

तोवर इकडं घरातली हवा बदलली होती. काकूंनी बसवेश्वरच्या खोलीची गादी उन्हात टाकली. बसस्थानकावरच्या फळवाल्याला, वाहकांना त्या फोटो दाखवून आल्या. अप्पा, ज्यांनी मला दाखवू नको म्हणून सांगितलं होतं, ते एकदा काट्यावर पोतं ठेवता ठेवता स्वतःशीच म्हणाले, "पुण्याला असंल. तिथं त्याचा एक दोस्त हाय." त्यांच्या तोंडावर हसू मी पहिल्यांदा पाहिलं. अशा माणसांना मी काय सांगणार होतो, आणि कशावरून? एका पायावरून?

काकू रोज दुपारी येऊन तेवढंच चित्रण लावायला सांगायच्या. मी लावून द्यायचो आणि थप्पीच्या बाजूनं न जाता काट्याकडून वळसा घालून बाहेर पडायचो. हनुमाननं ते पाहिलं. "कावून बे, पोत्यात साप हाय का?" मी हसलो. रात्री खोलीवर डोळे मिटले की ती पाठ दारापर्यंत जायची आणि वळायची, आणि नाव जिभेवर येऊन परत फिरायचं. भावकीतले सगळे एकेक करून मनात चालवून पाहिले. चुलते, आजोबा, मामाची पोरं, वडील बंकटआबा. कुणाचेच पाय जुळले नाहीत.

शेवटी मी पडद्यावरून मोबाइलवर तेवढा तुकडा उतरवला आणि बहिणीला, बबिताला, पाठवला. ती अजून कळपामागंच आहे, आणि तिची नजर माझ्यापेक्षा तेज. लिहिलं, ‘हा आपल्यातला कोण आहे? आठवत नाही.’

दुपारी तिच्या आवाजातला निरोप आला. मागं मेंढरांचा ओरडा होता आणि आई, ताराबाई, कुणाला तरी हाकलत होती.

"दादा, थट्टा कावून करतूस? तूच हायस की त्यो. बाभळीचा काटा मोडलेला नव्हता का डाव्या पायात, आई सुईनं काढत होती अन् तू लई बोंबललतास. तवापासून तसाच टाकतूस पाय. आमी हसतो की तुला मागून." मग थोडं थांबून, "दुकान लई मोठं हाय रं तुझं. पगार वाढव म्हनावं मालकाला."

मी तो निरोप परत परत ऐकला. माणूस सगळ्यांची चाल बघतो. स्वतःची पाठ त्याला कधी दिसत नाही. डाव्या पायाचं मला माहीतच नव्हतं. पण त्या वर्षी, त्या दिवसांत मी गोदाकाठी होतो, आई आणि बबिताच्या सोबत होतो. पाटोदा मी तोवर फक्त एस.टी.च्या खिडकीतून पाहिलं होतं. बबिताला ते चित्रण कधीचं आहे हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग त्या दुपारी तू कुठं होतास, आणि त्या दिवसांत सोबत कोणकोण होतं असं तिला आठवतं, त्यात मी आहे का, हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

दुकानात काकू स्टुलावर बसून चित्रण बघत होत्या. पंखा फिरत होता. मी खुर्चीत, त्या टेबलाशी. एक साधी गोष्ट डोक्यात आली, आणि आली तशी मला ती फार हुशारीची वाटली. माझी खोली बसस्थानकाच्या अंगाला आहे, त्यामुळे मी रोज दारातून उजवीकडेच वळतो. आज डावीकडे वळायचं. तलावापर्यंत जायचं, पाण्याला हात लावायचा आणि परत यायचं. तो वळला उजवीकडे. मी डावीकडे गेलो की तो मी नाही.

मी हात टेबलावर टेकून उठलो. या वेळी वळसा न घालता थप्पीच्या बाजूनं गेलो. पोत्यांचा उग्र वास आला, दोन-तीन पावलं अंधार, मग दाराचा उजेड. आपला डावा पाय कसा पडतो ते मी लक्ष देऊन बघत होतो, म्हणून चालणं अवघडत होतं. उंबरा ओलांडला, क्षणभर थांबलो, आणि डावीकडे वळलो. उतार लगेच सुरू होतो. खाली तलावाचं पाणी पत्र्यासारखं चमकत होतं.

थोडाच पुढं गेलो असेन, तोच मागं स्टूल सरकल्याचा आवाज झाला. काकू दारात आल्या होत्या. त्या मला रोज अंगद म्हणतात. त्या वेळी त्यांनी नाव घेतलं नाही. रस्ता चुकलेल्या लेकराला सांगावं तसं, न ओरडता, त्या म्हणाल्या,

"तिकडं न्हाई रं. तू तिकडं न्हाई गेलतास."