नगराध्यक्षांच्या दारातलं वाचनालय

रविवारी चर्चसमोरच्या चौकात नगराध्यक्ष विल्फ्रिदोने कर्ण्यावरून जाहीर केलं, महिनाअखेर वाचनालय बंद.

"चौकात फुकट इंटरनेट देतोय. सगळं जग तुमच्या खिशात! जुन्या पुस्तकांत काय ठेवलंय?"

टाळ्या पडल्या. फुकट कोणाला नको?

सोमवारी माझी धाकटी जाऊ नेरेइदा फोन नाचवत आली. तिला मधुमेह आहे. फोनवर पांढऱ्या कोटातला एक माणूस सांगत होता, आमचा काढा घ्या, इन्सुलिन सोडा.

"एवढ्या लोकांनी बघितलंय, ताई. खोटं कसं असेल?"

मला ते पटेना. तिला धरून वाचनालयात नेलं. ग्रंथपाल इदाल्बा हसली नाही की रागावली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली.

"आधी हा बाबा कोण ते शोधू या. तूच शोध, मी दाखवते."

तासाभरात सापडलं. बाबा डॉक्टर नव्हताच. हाच चेहरा दुसरीकडे टकलावर केस उगवायचं तेल विकत होता. मग इदाल्बाने कपाटातून मधुमेहावरचं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन जोडून दिला.

"मेला भामटा!" नेरेइदा म्हणाली. मग तिने हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. "आणि वाचनालय बंद झाल्यावर मी कोणाला विचारू? चौकातल्या इंटरनेटच्या खांबाला?"

पलीकडच्या टेबलावर ब्रिसेइदाबाई वाचत बसल्या होत्या. विल्फ्रिदोची आई. त्यांनी चष्मा काढला.

"उद्या आपण सगळे त्याच्या दारातच बसू."

आणि बसलो. म्हातारीने घरची झुलती खुर्ची नेऊन पालिकेच्या दरवाज्यात मांडली. इदाल्बाने हातगाडीवरून पुस्तकं आणली. मुलं पायऱ्यांवर गृहपाठ घेऊन, कोळी वर्तमानपत्रं घेऊन बसले. कार्यालयात शिरायला वाट उरली नाही.

"आई, हे काय? घरी चल बघू."

"घरी कशाला? वाचतेय. तुझ्या खिशात जग आहे ना? मग या पोरांना अपूर्णांक शिकव."

विल्फ्रिदो खरंच पायरीवर बसला. फोन उघडला, वाचून दाखवलं, पोरांना ओ की ठो कळलं नाही. नेरेइदाने त्याच्यापुढे फोनवरचा तो काढेवाला धरला.

"साहेब, हे खरं का?"

"पांढरा कोट आहे... असेल की."

पायऱ्यांवर असा हशा पिकला की आतले कारकूनही बाहेर आले. विल्फ्रिदोचे कान लाल झाले, पण शेवटी तोही हसला.

"बरं, इदाल्बाबाई. काय हवंय तुम्हाला?"

"इंटरनेट नको असं कोण म्हणतंय? त्याची तार वाचनालयात आणा. पुस्तकं आहेत, मी आहे. तिथे सगळं एकत्र चालेल."

"आणि दोन पंखे," ब्रिसेइदाबाई पान उलटत म्हणाल्या.

तार त्याच आठवड्यात आली. पंख्यांसाठी म्हातारीला आणखी एक दिवस दारात बसावं लागलं.