अकरावी नोटीस

गुरुवारी, पंधरा जानेवारीला, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी निसीम अष्टमकरला आपली चूक सापडली.

कौन्सिलच्या दुसऱ्या मजल्यावर आपल्या टेबलाशी बसून तो दुपारच्या प्लॅनिंग कमिटीसाठी फाइल लावत होता. फाइलमध्ये अकरा फोटो होते. प्रत्येक फोटोत दिव्याचा एक खांब आणि खांबाला केबल टायने बांधलेली, प्लास्टिकमध्ये घातलेली पिवळी नोटीस. दहा फोटोंच्या कोपऱ्यात तारीख होती सात नोव्हेंबर, शुक्रवार. अकराव्या फोटोत खांबामागे निदर विंडल गावाचं युद्धस्मारक दिसत होतं आणि स्मारकाच्या पायरीवर लाल पॉपीच्या फुलांची ताजी चक्रं ठेवलेली होती. ती चक्रं वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ठेवतात. कोपऱ्यातली तारीखही नऊच होती.

फोटोंखालच्या दाखल्यावर निसीमची सही होती. अकराही नोटिसा शुक्रवारी, सात नोव्हेंबरला लावल्या, असं त्यात लिहिलं होतं.

निसीम एकसष्ट वर्षांचा आहे. सत्तावीस वर्षं तो हेच काम करतो. लेस्टरच्या पूर्वेला असलेल्या या छोट्या कौन्सिलच्या हद्दीत कुणाला घरामागे खोली वाढवायची असली, पब पाडून फ्लॅट बांधायचे असले, की त्याची नोटीस जवळच्या खांबावर निसीम लावतो. खांबापाशी उभं राहून ओल्या हातांनी लिहिणं जमत नाही, म्हणून दाखला सकाळीच टाईप करून, सही करून निघायची त्याची पद्धत. परत आल्यावर फोटो जोडायचे. दाखला आणि फोटो यांत आजवर कधी फरक पडला नव्हता.

ही नोटीस घराची नव्हती. विंडल हिल या टेकडीवर पोलीस, फायर ब्रिगेड आणि अँब्युलन्स यांच्या रेडिओचा टॉवर आहे. अठरा मीटर उंच, चाळीस वर्षं जुना, तळाशी गंजलेला. भोवतीची झाडं त्याच्या डोक्यावर गेल्यामुळे टेकडीच्या मागच्या उतारावर रेडिओ लागत नाही. नवा टॉवर तीस मीटरचा हवा. पण चर्चचा कळस दुरून दिसत राहावा म्हणून त्या टेकडीवर पंधरा मीटरपेक्षा उंच काही बांधायचं नाही, असा कौन्सिलचा नियम आहे. जुना टॉवर नियमाच्या आधीचा, म्हणून चालून गेला. नव्यासाठी नियमच बदलायला हवा, आणि नियम बदलायचा तर अकरा ठिकाणी बेचाळीस दिवस नोटीस लागलेली असली पाहिजे. मुदत संपल्यावर सगळ्या नोटिसा एकाच दिवशी काढल्या, तेव्हा अकरावी चाळीसच दिवस लागलेली होती.

शुक्रवारी काय झालं होतं, ते निसीमला आठवायला वेळ लागला नाही. दहावी नोटीस लावून झाली तेव्हा साडेतीन वाजले होते. सव्वाचारला सूर्यास्त होता. घरी रेचल, त्याची बायको, टेबलावर दोन मेणबत्त्या मांडून बसली असणार. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो; त्याच्या मेणबत्त्या सूर्य मावळायच्या आत लागाव्या लागतात. नंतर काडी ओढायची नाही. निसीम स्वतः फारसं पाळणारा नव्हता. लग्नानंतरची तीस वर्षं शुक्रवारी तो कितीही वाजता घरी आला तरी चालत असे, कारण मेणबत्त्या रेचल लावायची. गेल्या मार्चपासून तिचा उजवा हात चालत नाही. काडी निसीमला ओढावी लागते. त्याने अकरावी नोटीस मागच्या सीटवर टाकली आणि गाडी घराकडे वळवली. रविवारी पावसात जाऊन ती लावली. सोमवारी हॉस्पिटलची अपॉइंटमेंट होती. दाखला बदलायचा राहून गेला.

आश्लेषा मोहरीर पावणेदहाला आली. ती निसीमची टीम लीडर, वय एकतीस, लेस्टरमध्येच जन्मलेली, डॉक्टरांची मुलगी, घरात ऐकून मराठी शिकलेली. मीटिंगमध्ये ती त्याला निसीम म्हणते, आणि आसपास कुणी नसलं की काका. टॉवरच्या फाइलवर तिची दोन वर्षं गेली होती.

"मॉर्निंग, काका. फाइल रेडी?"

"आश्लेषा, बस जरा."

"तुम्ही 'बस जरा' म्हणता तेव्हा मला भीती वाटतं. लास्ट टाइम तुम्ही रिटायर होणार होता."

निसीमने फोटो तिच्यासमोर सरकवला.

"पॉपी रीथ्स. सो?" ती म्हणाली. मग ती बसली. "ओह. ओह नो."

तिने फोटो उचलून कोपऱ्यातली तारीख वाचली.

"दोन दिवस, काका. काय फरक पडतं? कोणी हे फोटो बघत नाही. मी पण नसती बघितली."

"मी बघितला."

"लीगलला सांगितलं तर आजचा आयटम पुल करतील. परत सिक्स वीक्स. म्हणजे एंड ऑफ फेब्रुवारी. मग मार्चमध्ये कमिटी, आणि मार्चमध्ये फाल्कन बसतील."

जुन्या टॉवरवर बहिरी ससाण्याची एक जोडी दरवर्षी घरटं करते. कायद्याने त्यांना हात लावता येत नाही. एकदा ती बसली की ऑगस्ट संपेपर्यंत टॉवरचं काम बंद.

"माहीत आहे," निसीम म्हणाला.

"म्हणजे सप्टेंबर. तुमच्या घरी पण तेच सिग्नल आहे, काका."

"तेही माहीत आहे. माझं घर त्याच उतारावर आहे, हे मी पहिल्याच दिवशी लिहून दिलंय." मग तो म्हणाला, "टॉवर नको म्हणणाऱ्या निदर विंडलवाल्यांनी वकील केलाय. आज पास झालं आणि उद्या त्याने फोटो मागितले तर?"

"मागणार नाही."

"बहुतेक नाही मागणार."

आश्लेषाने चष्मा काढून डोळे चोळले. "सांगू नका असं मी म्हणत नाही. मला ते म्हणताच येत नाही, मी तुमची बॉस आहे. पेपर्स एक वाजता लीगलला जातात. तुम्ही लंचला घरी जाताच ना? जाऊन या."

विंडल एंड टेकडीच्या मागच्या उतारावर आहे. सहा घरं, एक अरुंद लेन, लेनच्या तोंडाशी ओढा. गेल्या मार्चमध्ये सकाळी साडेसातला रेचल चहाचा कप हातात असतानाच खाली बसली, आणि तिला उठता येईना. नऊ मिनिटांत यायची अँब्युलन्स एक्केचाळीस मिनिटांनी आली. ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं. दुसरा रस्ता कंट्रोल रूमला माहीत होता, पण टेकडीमागे गेलेल्या गाडीशी रेडिओ लागत नव्हता.

रेचल वाचली. हॉस्पिटलमधून परतली तेव्हा तिचं इंग्रजी गेलं होतं. वीस वर्षं तिने एका प्राथमिक शाळेच्या किचनमध्ये काम केलं होतं, शेकडो मुलांना इंग्रजीत दटावलं होतं. घरातही इंग्रजीच चालायचं. आता तोंडातून येत होती ती तिच्या लहानपणची मराठी, एकेक शब्द, सावकाश. हिब्रू आशीर्वाद मात्र ती एका दमात म्हणायची. मिल्टन कीन्सहून त्यांचा मुलगा नॅथॅनिएल रोज फोन करतो. त्याला मराठी येत नाही. ती बोलते, तो "यस, मम" म्हणत राहतो. तीस वर्षं ती नवऱ्याला निसीम म्हणत होती. आता, तिची आई तिच्या वडिलांना म्हणायची तशी, ती त्याला अहो म्हणते. पहिल्यांदा तसं ऐकलं तेव्हा निसीमने मागे वळून पाहिलं होतं.

साडेबाराला त्याने हिरव्या मसाल्यातला मासा गरम करून तिच्यासमोर ठेवला.

"अहो, मीठ."

"घातलंय."

"कुणी?"

"मीच."

"म्हणूनच."

निसीमने मीठ आणून दिलं. मग फोन काढून तिला अकरावा फोटो दाखवला आणि काय झालं ते सांगितलं. सांगायला तीन मिनिटं लागली. तिने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"आणि लिहिलंत?"

"शुक्रवार."

ती पुढचा शब्द शोधत होती. निसीम थांबला. शब्द पुरवायचा नाही, हे स्पीच थेरपिस्टने त्याला बजावलं होतं.

"मेणबत्ती," रेचल म्हणाली. "माझ्यासाठी... परतलात."

"तुझ्यासाठी कशाला? इथे सूर्यच चारला घरी जातो, त्याला मी काय करू?"

तिच्या तोंडाची डावी बाजू हसली.

"सांगितलं तर सप्टेंबरपर्यंत काही होणार नाही," निसीम म्हणाला. "नाही सांगितलं तर बहुतेक कुणाला कळायचंही नाही. पुढच्याच महिन्यात जुना उतरेल. रेचल, मला तो टॉवर हवाय. तुला पुन्हा काही झालं तर—"

तिने डावा हात उचलून त्याला थांबवलं.

"ती मुलगी. गाडीतली. दारात... काय म्हणाली?"

"आम्हाला उशीर झाला, म्हणाली. सॉरी म्हणाली."

"तिने लपवलं नाही." पुढचे शब्द ती जुळवत राहिली. मासा निवला. "तुम्ही लपवलंत. कार्ड."

निसीमला कळलं, ती कशाबद्दल बोलते आहे. जूनमध्ये थेरपिस्ट चित्रांची कार्डं घेऊन आली होती. रेचल मराठीत बोलायची, निसीम इंग्रजीत सांगायचा. कप, किल्ली, कुत्रा. एका कार्डावर अँब्युलन्स होती. रेचल बघत राहिली आणि म्हणाली, उशीर. थेरपिस्टने निसीमकडे पाहिलं. तो म्हणाला, अँब्युलन्स, शी सेज अँब्युलन्स. थेरपिस्टने बरोबरची खूण केली.

इंग्रजी बोलता येत नसलं तरी रेचलला ते समजतं, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

"तुला कळलं होतं?"

"हो."

"बोलली नाहीस."

"बोलता येत होतं?" रेचल म्हणाली, आणि चमचा उचलला. "जा. एक वाजेल."

एकला सात मिनिटं कमी असताना निसीमने पार्किंगमधून आश्लेषाला फोन केला. ती "ओके" म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "ओके, काका. मी लीगलला सांगते. दाखला मी साइन ऑफ केली होती. तेही सांगते."

कमिटी दोन वाजता सुरू झाली. पब्लिक गॅलरीत चाळीसेक लोक होते. निदर विंडलहून आलेल्यांनी छातीवर चर्चच्या कळसाचं चित्र लावलं होतं. शेवटच्या रांगेत अँब्युलन्सच्या हिरव्या युनिफॉर्ममधली एक तरुण बाई हातात एक कागद घेऊन बसली होती. निसीमने तिला ओळखलं; मार्चमध्ये त्याच्या दारात सॉरी म्हणालेली ती हीच. तिचं नाव एला. टॉवरच्या बाजूने बोलायला तिला तीन मिनिटं दिलेली होती.

दोन वाजून चार मिनिटांनी अध्यक्षांनी जाहीर केलं, की एका ठिकाणी नोटिशीची मुदत पूर्ण न भरल्यामुळे विषय क्रमांक चार पुढे ढकलला आहे. सहा आठवड्यांची मुदत नव्याने सुरू होईल. गॅलरीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. चूक कुणाची, ते अध्यक्षांनी सांगितलं नाही.

एला बाहेर कॉरिडॉरमध्ये कागदाची घडी घालत उभी होती. निसीम तिच्याजवळ गेला.

"ती नोटीस मी लावली होती," तो इंग्रजीत म्हणाला. "दोन दिवस उशिरा."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "विंडल एंड. तुम्ही रेचलचे मिस्टर."

"हो."

"कशा आहेत त्या?"

"माझ्या स्वयंपाकात मीठ कमी असतं म्हणतात."

एला हसली नाही, पण तिने मान हलवली. घडी घातलेला कागद खिशात ठेवला. "पुढच्या वेळी ड्युटी नसली तर येईन," ती म्हणाली आणि जिन्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, निसीम सकाळी आठला निघाला. दाखला त्याने कोराच बरोबर घेतला होता. सुरुवात निदर विंडलपासून केली. स्मारकाच्या पायरीवरची चक्रं अजून तिथेच होती, पॉपींचा रंग उतरून गुलाबी झालेला. नोटीस बांधत असताना कुत्रा घेऊन चाललेले एक म्हातारे गृहस्थ थांबले आणि ती वरपासून खालपर्यंत वाचू लागले.

"ही तर आम्ही वाचली होती," ते म्हणाले.

"पुन्हा वाचा," निसीम म्हणाला. "मागच्या वेळी तुम्हाला दोन दिवस कमी मिळाले."

प्रत्येक खांबापाशी त्याने दाखला गाडीच्या बॉनेटवर ठेवून एक ओळ भरली. अकरावी ओळ भरली तेव्हा दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

बेचाळीस दिवस शुक्रवारी, सत्तावीस फेब्रुवारीला भरले. मधल्या काळात दोनदा वादळी वारा झाला. टॉवर टिकला. पंचवीस तारखेला पक्ष्यांची पाहणी करणाऱ्या माणसाने कौन्सिलला ईमेल केला: टॉवरच्या वरच्या पट्टीवर ससाण्याची मादी दोनदा बसलेली दिसली, घरट्याबद्दल आत्ताच सांगता येत नाही. आश्लेषाने तो निसीमला फॉरवर्ड केला. सोबत काही लिहिलं नव्हतं.

नोटिसा सत्तावीस तारखेला दिवसभर लागलेल्या असायला हव्या होत्या, म्हणून त्या काढायचं काम त्याने सोमवारवर ठेवलं आणि पाचच्या आत घरी पोचला. रेचलने मेणबत्त्या मांडल्या होत्या. काड्यापेटी तिने जड पितळी खलाखाली दाबून बसवली होती, कड बाहेर ठेवून. निसीमने हात पुढे केला, तसा तिने तो बाजूला सारला. डाव्या हाताने तिने काडी ओढली. ती मोडली. दुसरी मोडली. तिसरी पेटली. दोन्ही मेणबत्त्या लागल्यावर तिने एकाच हाताने डोळे झाकून आशीर्वाद म्हटला.

मग ती खिडकीकडे वळली. जवळच्या छोट्या विमानतळामुळे टॉवरच्या टोकावर एक लाल दिवा असतो. अंधार पडू लागला की तो आपोआप लागतो; हिवाळ्यात पानं झडलेल्या फांद्यांमधून तो इथून दिसतो.

"लागला," रेचल म्हणाली.

कमिटीची बैठक गुरुवारी, बारा मार्चला आहे. टॉवरचा विषय पुन्हा चौथा आहे.