घोड्यासाठी वाजवलेली धून

मित्रांनो, मी एक जुना पितळी ट्रम्पेट. अंगभर पोचे पडले आहेत, मुलामा कधीच उडाला आहे. पण तुमच्या आजी-आजोबांना विचारा, माझा आवाज त्यांना पाठ असेल.

मेरठच्या कारखान्यात मी घडलो आणि हडपसरला बजरंगकडे आलो. त्याचा लग्नाचा बँड होता. लाल कोट घालून तो वरातीपुढे मला वाजवत चालायचा. लोक आमच्या तालावर नाचत. पण बँडवाल्यांची पंगत सर्वांत शेवटी, तीही मांडवाबाहेर.

१९७३ साली पुण्यात एका स्टुडिओखाली आमची वरात अडली. नवरदेवाचा घोडा पाऊल उचलेना. बजरंगने मला ओठांना लावून एक लहानशी, मिश्कील धून पुन्हा पुन्हा वाजवली. वर अनंत हा तरुण संगीतकार आपल्या पहिल्याच चित्रपटाची गाणी करत होता. शीर्षकगीताची सुरुवात त्याला सुचत नव्हती आणि आज गाणं झालं नाही तर दुसरा संगीतकार आणू, असं निर्माते श्यामसुंदरशेठ यांनी बजावलं होतं. आमचा गोंगाट बंद करायला अनंत तणतणत खाली आला आणि ऐकतच राहिला.

"ही चाल कुठली?" त्याने विचारलं.

"चाल कसली, सायेब. घोडं अडलंय. त्याला पुढं काढायला वाजवतोय."

अनंतच्या आग्रहावरून, वरात पोहोचवून बजरंग मला घेऊन स्टुडिओत आला. तिथे मात्र आमची फजिती झाली. जन्मभर चालत वाजवलेलं, त्याला खुर्चीत बसून श्वासच पुरेना. त्यात मी असा दणाणलो की ध्वनिमुद्रक दिगंबरपंतांनी कानांवरचे हेडफोन उतरवले. "आम्ही वऱ्हाडी नाही," ते म्हणाले, "आपण जरा हळू वाजवलंत तरी आम्हाला ऐकू येईल."

बजरंग ओशाळला. मला काखेत मारून तो दाराकडे निघाला. तेवढ्यात गायिका सुनीती उठली. तिने दार सताड उघडलं आणि त्यांना बाहेरच्या लांब व्हरांड्यातून चालत वाजवू द्या, असं सुचवलं.

बजरंग पार टोकाला गेला आणि तिथून वाजवत निघाला. माझा आवाज दुरून आला, जवळ आला, आणि नेमका दारात पोहोचला तेव्हा सुनीतीने पहिली ओळ उचलली. गाणं संपलं. दिगंबरपंत म्हणाले, "वाईट नाही." मित्रांनो, पुण्यात याहून मोठी शाबासकी नसते.

पुढे ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर बँडवाल्याचं नाव छापायला शेठ तयार होईनात. अनंत शांतपणे म्हणाला, "मग माझंही काढा." नाव छापलं गेलं : ट्रम्पेट – बजरंग, हडपसर.

चित्रपट आठवडाभरात उतरला. गाणी मात्र उतरली नाहीत. हॉटेलांत, गणपतीच्या मांडवांत, कॉलेजच्या गॅदरिंगला तीच वाजू लागली. गावोगावच्या बँडनी ती उचलली. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी वाजवणारा बजरंग आता दुसऱ्यांच्या वरातीत स्वतःची धून ऐकत होता, आणि लोक त्याला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवत होते.

मग भिंतीएवढे स्पीकर आले. बँड मोडला, बजरंगचे दात पडले, आणि मी खुंटीला लटकलो. कुंभारीण माशीने माझ्या तोंडात मातीचं घर बांधलं.

एके दिवशी त्याची नात शालू वाघोलीच्या कॉलेजातून तेच गाणं गुणगुणत आली. वर्गातल्या सगळ्यांना ते येत होतं. धून आपल्या आजोबांची आहे हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. बजरंगने नुसतं खुंटीकडे बोट दाखवलं. तिने मला उतरवून धुतलं, आणि आजोबा तोंडाने म्हणतील तसं ती वाजवायला शिकली.

गाण्यांना पन्नास वर्षं झाली, तेव्हा त्यांच्या कार्यक्रमाला नाट्यगृह गच्च भरलं. चित्रपट न पाहिलेली मुलंही सुनीतीबाईंबरोबर गात होती. थकलेल्या अनंतरावांनी बजरंगला मंचावर नेलं आणि मला त्याच्या हाती दिलं. सारं सभागृह उभं राहिलं. बजरंगने मला क्षणभर छातीशी धरलं, मग शालूकडे दिलं.

"वाजव," तो म्हणाला. "माझं वाजवून झालंय."

आता आमच्या अंगणात शालू रोज तीन मुलींना शिकवते. त्या भयंकर बेसूर फुंकतात, शेजारी वैतागतात. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य शोभेला टांगलेलं असेल, तर ते पुसून परत टांगू नका. त्याला तुमचा श्वास द्या. बेसूर असला तरी चालेल.