नाव कुणाला लागलं

कातळावर नाचणीची कणसं वाळत पडली होती आणि त्यांच्यावर टपलेल्या कोंबड्यांना काठीनं हाकता हाकता माय ताओना म्हणाली, "पोरीचं नाव माइदेई ठेवायचं."

तिची सून नेत्साय गोल झोपडीच्या दारात, भिंतीला पाठ लावून बसली होती. मांडीवरच्या पोरीची नाळ अजून गळायची होती. नाळ गळली की पोर उजेडात आणायची आणि चारचौघांत नाव सांगायचं, ही रीत. तोवर हातात होते ते एवढेच दिवस. माइदेई म्हणजे, 'काय पाहिजे होतं तुम्हाला?' ते ऐकताच नेत्सायनं ओळखलं, हे आपल्याला आहे.

कारण त्या गावात नाव म्हणजे नुसतं नाव नसायचं. तोंडावर भांडायची लाज वाटते, म्हणून माणसं आपलं भांडण पोराच्या नाहीतर कुत्र्याच्या नावात घालतात आणि दिवसभर अंगणातून हाक मारत बसतात. लेकी बोले सुने लागे, त्यातलीच गत. माय ताओनानं आपल्या लेकाचं नाव 'ताओना', म्हणजे 'पाहिलं आम्ही', हे स्वतःच्या सासूला टोमणा म्हणून ठेवलं होतं. सासू कधीच मातीआड गेली आणि 'पाहिलं आम्ही' आता दाढीमिशांसकट बैल हाकतो. दारातल्या कुत्रीचं नाव मुचादुरा, म्हणजे 'कबूल कराल'. ते कोंबडीचोरासाठी होतं. चोरानं काही कबूल केलं नाही, पण कुत्रीला हाक मारली की निम्मी वस्ती आजही खाली बघते.

आणि लेकराच्या नावानंच आईला हाक मारायची. म्हणजे उद्यापासून नेत्साय जन्मभर 'माय माइदेई'. काय पाहिजे होतं तुम्हाला, याची आई.

नेत्सायनं मनातल्या मनात जुनं सगळं उकरलं. लग्नानंतर बरीच वर्षं तिची कूस उजवली नव्हती. अशातच एका थंडीत कुणीतरी परकी पोरगी अंगणात येऊन बसली होती. शेंगा खात होती आणि गाय विकत घ्यायला आल्यासारखी घर न्याहाळत होती. सासूनं दुसरी सून बघितली, हे नेत्सायनं तेव्हाच ओळखलं आणि ती तडक माहेरी निघून गेली. ताओना हातापाया पडून घेऊन आला. काय पाहिजे होतं तुला, पळून कुठं जात होतीस, असंच म्हातारीला आता रोज ऐकवायचं असणार.

"आत्याबाई, म्या रुडो ठरवलंय," नेत्साय म्हणाली. रुडो म्हणजे माया.

म्हातारीची काठी थांबली. "रुडो? आन् ती कुणासाठी?"

"कुणासाठी म्हंजे? पोरीसाठी."

"पोरीसाठी कोण नाव ठेवतं? मला शिकवू नगंस. म्हंजे ह्या घरात माया न्हवती, ती आता तू आणलीस. तू दिसभर रुडो रुडो वरडायचं आन् गावानं म्हणायचं, बगा, सासूनं सुनंला कधी जीव लावला न्हाई."

 म्हातारीचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, आणि ते नेत्सायला स्वतःलाही आत्ताच कळलं होतं.

ताओना दावं खांद्यावर टाकून आला. "मी काय म्हंतो, दोन्ही नावं..."

"तू गप," दोघी एकदम म्हणाल्या. त्या दिवसात दोघींचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

मग घरात नुसता पहारा सुरू झाला. सासूनं आणलेली पेज नेत्साय आधी हुंगायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. म्हातारी पोरीला घेऊन उन्हात बसली की ओठ हलवायची, आणि नेत्सायला खात्री होती, ती गुपचूप 'माइदेई, माइदेई' म्हणून सवय लावतेय. मग पोर हातात आली की नेत्साय दुसऱ्या कानात 'रुडो' म्हणायची. पोर बिचारी दोन्ही नावांना जांभई द्यायची.

अशात शेजारची माय चिपो बाळंतिणीला पीठ घेऊन आली. म्हातारी कातळावर आहे हे बघूनच आली होती. टोपली ठेवली, पोरीकडं नीट बघितलंही नाही आणि सुरू झाली.

"नाव ऐकलं म्या. तुज्या सासूला सांग, मला समजतं सगळं."

"काय समजतं?"

"काय पायजे हुतं तुमास्नी! हे मला हाय. मला काय पायजे हुतं ते म्या तवा सरळ बोलले हुते. तुजी कूस उजवंना, ताओनाचं घर बुडंल, म्हणून शेजारधर्मानं माजी भाची आणली. तर तुज्या सासूनं तिला पसाभर शेंगा दिल्या आन् म्हणली, खा आन् जा, ह्या घरात एक सून हाय, तेवढी बास. आता पोर झाली तर मलाच टोचती."

नेत्सायच्या डोळ्यांपुढं ती शेंगा खाणारी पोरगी उभी राहिली. माय चिपो काय काय बोलत होती ते पुढं तिला ऐकूच आलं नाही.

म्हातारी कोंड्यानं माखून परत आली. नेत्साय तिच्या वाटेतच उभी राहिली.

"ती शेंगा खाणारी पोरगी तुमी आणली न्हवती?"

"म्या? मला एक सून सांभाळता नाकी नऊ आल्यात."

"मग मला सांगितलं का न्हाई?"

"तू इचारलंस कधी? तोंड फुगवलंस आन् म्हायेरची वाट धरलीस. म्या बी म्हणलं, संशयच घ्यायचा तर घेऊ दे."

"आन् हे नाव?"

"खाई त्याला खवखवे. माय चिपोला खवखवलं ते मला कळलं. तुला का खवखवावं?"

नेत्सायला रडू आलं आणि रागही आला. एवढी वर्षं जिचा संशय घेतला तीच आपल्यासाठी दारात उभी राहिली होती, आणि तोंडानं मात्र एक शब्द बोलली नव्हती.

"आत्याबाई, तरीबी ते नाव नगं," ती म्हणाली. "माज्या आजीचं काकीशी पटत न्हवतं, म्हणून तिनं मला नेत्साय केलं. म्हंजे काय, तर छळा. काकी मेली, आजी मेली, राग बी गेला. नाव तेवढं माज्यापाशी ऱ्हायलं. लगीन ठरवताना तुमीच इचारलं हुतं, ही कुणाला छळती म्हणून."

म्हातारीनं हातावरचा कोंडा झाडला. "मग माय चिपोला तसंच सोडू व्हय?"

"मुचादुराला पिल्लं झाल्यात की."

म्हातारीनं सुनेकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. "लई आतल्या गाठीची हायेस," ती म्हणाली, आणि त्यात कौतुक होतं.

नाळ गळली आणि मागोमाग मळणी आली. मळणीच्या दिवशी कातळावर कुणी कुणाला काहीही बोलावं आणि ऐकणाऱ्यानं राग धरू नये, ही वाडवडिलांची मुभा. बायका ओळीनं उभ्या राहून कणसं झोडपत होत्या, थंड वाऱ्यावर भुसा उडत होता. माय ताओना एका हातात नात आणि दुसऱ्या काखेत पिल्लू घेऊन मधोमध आली.

"ही रुडो," तिनं सांगितलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, हे कुणाला असेल म्हणून. "आन् ही कुत्री माइदेई. हिला आमी रोज हाक मारणार. शेजारच्या कुंपणाकडं तोंड करून."

हसण्याचा एकच गलका उठला. माय चिपोनं काठी अशी हाणली की तिची नाचणी शेजारणीच्या सुपात जाऊन पडली. पण मळणीचा दिवस, बोलणार काय?

सगळे पांगल्यावर नेत्साय पोरीला घेऊन दारात बसली. आता लपवायचं कारण नव्हतं. तिनं मोकळ्या आवाजात हाक मारली, "रुडो."

आत चुलीपाशी पीठ घोटणाऱ्या म्हातारीनं ओ दिली. "काय पायजे गं?"

नेत्सायनं वळून आत संशयानं बघितलं. नाव पोरीचं होतं, ओ म्हातारीनं दिली होती. चुकून दिली की मुद्दाम, ते त्या आवाजावरून काही कळेना.

"काय न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. मग थोडी थांबली, आणि पोर झोपलेली असताना पुन्हा एकदा, चुलीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "रुडो."